कासवांचा आषाढ

आषाढ संपत आला की मला सडलेल्या अंड्यांचा वास येऊ लागतो. घरात काही सडलेलं नसतं. मी फ्रिज उघडून बघते, मोरीत बादलीभर पाणी ओतते, कामाला येणाऱ्या बाईंना विचारते. त्या म्हणतात, "मॅडम, काहीच वास नाही." त्यांचं खरं असतं. बाहेर जळगावात नेहमीचा चिकट उकाडा असतो, केळीचे ट्रक रस्त्याला लागलेले असतात, शिवारात कपाशीला पात्या धरत असतात. वास फक्त मला येतो, आणि तो ग्रीसमधल्या एका बेटावरचा असतो.

नव्वदीच्या सुरुवातीला त्या बेटावर मी एक उन्हाळा काढला. तेवीस वर्षांची होते. असोद्याच्या केळीच्या बागेतून उठून गेले होते, समुद्री कासवं वाचवायला. हसायचं असेल तर हसून घ्या, गाव तेव्हा पोटभर हसलं होतं. मी तिकडे कासवं वाचवत होते आणि इकडे माझ्या धाकट्या बहिणीचं, ज्योतीचं, लग्न माझ्या जागी लागलं. सांगण्यासारखं एवढंच आहे. बाकी वाळू आणि समुद्र. तो लोकांना आवडतो, म्हणून अधूनमधून येईल.

लोकांना फारच आवडतो. दर वर्षी या दिवसांत एखादी शाळा मला बोलावते. गेल्या वर्षी जामनेरला गेले होते. मुख्याध्यापकांनी ओळख करून देताना मला "सागरकन्या" म्हटलं. समोरच्या तीनशे मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता आणि सागरकन्येनंही तेविसाव्या वर्षापर्यंत पाहिला नव्हता. मी चित्रं दाखवली. पिल्लू पाण्यात शिरतं त्या चित्रावर टाळ्या पडल्या, नेहमी तिथंच पडतात. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला घरची आठवण नाही का आली?" मी म्हटलं, "खूप आली बाळ." मला नव्हती आली. शाल-श्रीफळ घेऊन मी एसटीत बसले आणि जळगाव येईपर्यंत त्या मुलीवर चिडून राहिले. तिचा काय दोष होता, देव जाणे.

वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला जाऊ कसं दिलं, याचं लोकांना आजही नवल वाटतं. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंनी माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. त्यात मी आमच्या विहिरीतल्या कासवांवर चार पानं इंग्रजीत लिहिली, आणि तिकडच्या संस्थेनं येण्याजाण्याचा खर्च उचलला. आबांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. "कासवं वाचवाले इतक्या दूर जाती का?" ते म्हणाले, "आपल्या विहिरीत हायेत ना दोन. त्याहीले वाचव." ओसरीवर बसलेले सगळे खो खो हसले. आबांना टाळी मिळाली की ते नरम पडत. पण खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण पाचोऱ्याचं स्थळ. मुलगा बी.कॉम., घरचं खताचं दुकान. बोलणी झाली होती, त्यांच्याकडून नारळ आला होता आणि आईनं तो पदरात घेतला होता. परदेशात जाऊन आलेली सून ही पाचोऱ्याच्या बाजारपेठेत मिरवायची गोष्ट होती, म्हणून मुलाच्या वडिलांनीच "जाऊ द्या हो तिला" असा निरोप दिला. आबांची अट एकच होती, जून संपायच्या आत परत यायचं. मी नाही म्हटलं नाही. हे नीट लिहायला हवं. लग्न मला करायचं नव्हतं, पण तसं बोलले असते तर विमानाचं तिकीट फाटलं असतं. म्हणून पाचोऱ्याची माणसं बघायला आली तेव्हा मी मान खाली घालून बसले. आमच्याकडे मुलीनं मान खाली घातली की होकार समजतात. मला ते माहीत होतं. मी तो होकार दिला आणि त्यावर विमानात चढले.

बेटावरची सकाळ उजेड फुटायच्या आधी सुरू व्हायची. आम्ही दोघं-दोघं मिळून किनारा चालत असू. रात्री मादी वर येऊन गेली असेल तर वाळूत तिच्या पायांचा माग असायचा, थेट ट्रॅक्टरच्या टायरचा. तो जिथं संपतो तिथं हातानं उकरायचं, बोटांना अंडं लागलं की थांबायचं, पुन्हा वाळू लोटायची, वर कुत्र्यांपासून राखण म्हणून जाळी ठोकायची आणि क्रमांकाची पाटी लावायची. गोऱ्या मुलामुलींची बोटं दोन दिवसांत सोलून निघायची. माझी नाही. केळीचे कंद काढून काढून तयार झालेला हात होता. शिबिराची प्रमुख एलेनी नावाची पन्नाशीची बाई होती, ती सगळ्यांना माझा हात दाखवायची. "हिच्याकडून शिका," म्हणायची. उभ्या आयुष्यात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. आईनं म्हटलं होतं, पण भाकरी थापताना, आणि तेही ज्योतीकडे बोट दाखवून.

तिथं "कोणाची गं तू?" असं विचारणारं कोणी नव्हतं. असोद्यात शंभर पावलं चाललं की तीनदा तो प्रश्न यायचा. इथं मी सकाळी पाच किलोमीटर चालायची आणि भेटायचे ते समुद्रपक्षी. केस सोडून चालायची. दुपारी टोमॅटो आणि पाव खाऊन झाडाखाली पालथी झोपायची. मला वाटायचं हे कासवांचं प्रेम आहे. कासवांवर माझं प्रेम होतं, नव्हतं असं नाही. पण कासवं तिथं नसती, नुसतीच वाळू असती, तरी मी राहिले असते.

किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्यानं देणारा एक म्हातारा होता. छत्रीचा दांडा खोल जातो आणि अंडी फुटतात, म्हणून छत्र्या मागच्या रांगेत लावायच्या असा नियम होता. म्हातारा रोज दोन छत्र्या पुढे सरकवायचा, मी रोज जाऊन त्या उपटायला लावायची. एकदा तो माझ्यावर ओरडला. मी एलेनीला विचारलं, काय म्हणतोय? ती म्हणाली, "सोड गं. म्हणतोय, अंड्यांसाठी साता समुद्रांपलीकडून माणसं येतात आणि माझ्या मुलीला दवाखान्यात न्यायला बस नाही." आम्ही सगळे हसलो. मी जास्त हसले, कारण नवी होते. मग तक्रारीच्या वहीत त्याचं नाव लिहिलं. पायात तुटकी चप्पल आणि डोक्याला फडकं असा तो माणूस आमच्या शिवारात कुठल्याही बांधावर शोभला असता. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. लक्षात आलं होतं, तरी मी नाव लिहिलं.

जून संपला. मी एलेनीकडून मुक्काम वाढवून घेतला आणि घरी तसं कळवलंही नाही. आणि मग ज्योतीचं पत्र आलं.

गेली तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले आहे की ते पत्र उशिरा पोचलं. आईला हेच सांगितलं, कॉलेजातल्या बाईंना हेच सांगितलं. परदेशी टपाल, बेट, आठवड्यातून दोनदा येणारी बोट, लोकांना लगेच पटतं. पत्र वेळेवर पोचलं होतं. मुहूर्ताला सतरा दिवस होते. निळ्या एरोग्रामवर ज्योतीचं बारीक, गणिताच्या वहीतलं अक्षर. पाचोऱ्याच्या आजी फार आजारी आहेत, तिनं लिहिलं होतं, त्यांना डोळे मिटायच्या आधी नातसून बघायची आहे. आषाढी एकादशीच्या आधीचा शेवटचा मुहूर्त धरला आहे. परवा आबा आईला म्हणाले, मोठी नाही आली तर धाकटी उभी करू, घेतलेला नारळ परत करायचा नाही. मग पुढे, "ताई, मी एस.वाय.ला गणित घेतलं आहे. फी भरली आहे. तुला लग्न करायचं नसेल तर करू नकोस, पण येऊन आबांना तोंडावर तसं सांग. माझं ते ऐकणार नाहीत. तू आलीस की माझं सुटेल."

यापेक्षा स्पष्ट कोणी काय लिहायचं असतं? ज्योतीला गणित येत होतं, तिनं गणितच मांडलं होतं. मी पत्र दोनदा वाचलं. एलेनी समोर चहा घेत होती. तिनं विचारलं, "घरी काही आहे का? संध्याकाळच्या बोटीत तुला जागा मिळवून देते." मी म्हटलं, "काही नाही. बहीण आठवण काढते आहे."

त्या वेळी माझ्या भागात सात घरटी होती. मी स्वतःला सांगितलं की ती माझ्या भरवशावर आहेत. आबा नुसती धमकी देताहेत, एकोणीस वर्षांच्या पोरीला ते उभं करणार नाहीत, असंही सांगितलं. मग बेटावरच्या दुकानातून कासवाचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं, "जरा सांभाळून घे. सप्टेंबरात सगळं संपलं की येतेच." वर समुद्राचं वर्णन. जागा उरली म्हणून एका मादीला किती वेळ लागतो अंडी घालायला, तेही लिहिलं. माझ्यात लाज म्हणून काही होती की नाही, असा प्रश्न मला त्या कार्डाची आठवण आली की पडतो.

पिल्लं बाहेर पडून गेली की काही दिवसांनी घरटं उकरून तपासायचं असतं. किती टरफलं, किती न उबलेली अंडी, किती पिल्लं आतच मेली, हे मोजून लिहायचं. न उबलेली अंडी हातात फुटतात. तो वास केसांत बसतो, नखांत बसतो, साबणानं जात नाही. माझ्या पहिल्या घरट्याची तपासणी चालू होती, कोपरापर्यंत हात आत होते, तेव्हा कोणीतरी टपाल आणून दिलं. पाकिटावर आबांचं अक्षर. आत लग्नाची पत्रिका होती, चारी कोपऱ्यांना हळद लावलेली. चि. सौ. कां. ज्योती. सोबत चिठ्ठी नव्हती, एक शब्द नव्हता. माझ्या बोटांचे घाण ठसे पत्रिकेवर उमटले. तारीख बघितली, लग्न होऊन तीन आठवडे झाले होते.

एलेनीनं ती पत्रिका माझ्या हातातून घेतली. लाल कागद, सोनेरी गणपती. "किती सुंदर आहे! काय आहे हे?" मी सांगितलं, बहिणीचं लग्न. तिनं मला मिठी मारली. दुपारी पत्रिका शिबिराच्या फळ्यावर टाचणीनं लागली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी नाचसुद्धा केला. शिबीर उठेपर्यंत ती तिथं लटकत होती, पिल्लांच्या आकड्यांच्या शेजारी. मी ती काढली नाही. काढली असती तर का काढली, हे सांगावं लागलं असतं.

ऑक्टोबरात घरी आले. ओसरीवर आबा शेंगा फोडत बसले होते. मी पाया पडले. ते म्हणाले, "वाचवली ना तुझी कासवं? झालं तं मग." त्यानंतर त्यांनी त्या विषयावर मरेपर्यंत एक अवाक्षर काढलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी उलट बोलले असते, भांडण झालं असतं, काहीतरी वाहून गेलं असतं. आईनं मात्र चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. पोलकं माझ्या मापाचं शिवलेलं होतं. ते ज्योतीला खांद्यावरून उतरायचं, म्हणून हळदीच्या दिवशी अंगावरच टाके घातले. "पोरगी रडली नही," आई म्हणाली. "मले वाटलं रडीन. पन नही रडली. तुझं कार्ड वाचलं नं उशीखाली ठेवलं."

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. मुलगा पुण्याला असो, सैन्यात असो, त्याची मूठ चुकत नाही. मुलींच्या नावाची मूठ नसते. लहानपणी आम्ही दोघी परातीशी बसून मुठी मोजायचो आणि आमची मूठ नाही याचं आम्हाला काही वाटायचं नाही. पुढे कळलं की त्यात केवढी सोय आहे. मोजलेलंच नसेल तर कमी काय पडणार? पाचोऱ्याच्या लोकांना असोद्याच्या या घरातली मुलगी द्यायची होती. कोणती, हा तपशील होता. मी आबांना दोष देते, रीतीला देते, पाचोऱ्याच्या म्हातारीला देते, जी नातसून बघून पुढे सात वर्षं ठणठणीत जगली. सगळ्यांना देऊन झाला की माझ्या वाटणीचा उरतोच. आबांना दोन मुली सारख्याच होत्या. मलाही त्या सतरा दिवसांत तसंच वाटलं होतं, दोघींतली कोणीही चालेल, फक्त मी नको.

त्या उन्हाळ्याच्या प्रमाणपत्रावर मला कॉलेजात नोकरी लागली. लग्न केलं नाही, कोणी फारसं विचारलंही नाही. वर्तमानपत्रात दोनदा फोटो आला. ज्योतीनं दोन मुलं वाढवली आणि दहावीपर्यंत दोघांचं गणित स्वतः घेतलं. नवरा माणूस म्हणून वाईट नाही. म्हणजे मारत नाही, पीत नाही. आपल्याकडे एवढ्यावर माणूस चांगला ठरतो. एस.वाय.ची भरलेली फी कॉलेजनं परत केली की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

मी पाचोऱ्याला पहिल्यांदा गेले ती त्याच वर्षी, दिवाळीच्या आठ दिवस आधी. एसटीतून उतरून गल्ली विचारत गेले. दारात धान्य पाखडणाऱ्या एका बाईला म्हटलं, "ज्योती कुठं राहते? असोद्याची, या वर्षीच लग्न झालंय."

बाई विचारात पडली. "ज्योती? आठे कोनी ज्योती नही शे." मग सूप थांबवून म्हणाली, "असोद्यानी म्हनतीस? ती तं माधुरी. खतवालासनी वहू. ते निळं दार."

निळ्या दारात ज्योतीच्या सासूबाई होत्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच का ती कासववाली?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "बरं व्हयनं तू नही उनी ते. आमले गुनी वहू भेटनी. बठ्ठं घर सांभायस." मी आले नाही म्हणून त्यांना गुणी सून मिळाली होती. मग आत तोंड करून हाक दिली, "माधुरी, तुनी बहीनले पानी आन!"

ज्योती आली. डोक्यावर पदर, हातभर हिरव्या बांगड्या. तिनं तांब्या-भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि सासूबाई उठून आत जाईपर्यंत उभी राहिली. मग समोर बसली. मी भांडं उचललं. त्यावर नाव घातलेलं होतं, सौ. माधुरी, आणि खाली आबांचं गाव.

"तुझं नाव का बदललं?" मी विचारलं. विचारायचं भलतंच होतं.

"लग्नात बदलतातच." ती म्हणाली. "तुझी कुंडली दाखवून तुझ्यासाठी काढलं होतं त्याहीनं. आबांनं तू गेली त्याच आठवड्यात भांड्यांवर टाकून घेतलं. लगीनसराईत नाव घालनारा भेटत नही ना. मग एवढी भांडी कोन खोडत बसते?"

"ज्योती..." मी म्हटलं.

"हळू बोल. इथी ज्योती नको म्हनू, त्याहीले आवडत नही." तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी माझी वही घेतली की सांगायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "तुझंच नाव हाये ते, ताई. मी नुसती वापरून राह्यली."

आतून पुन्हा हाक आली, "माधुरी!"

ज्योती उठली नाही. माझ्याकडे बघत तशीच बसून राहिली. मीही उठले नाही. मग ती उठून आत गेली.